डॉक्टर केळापुऱ्यांच्या बोटीची गळती

मी नागपूरचा माणूस असून शिडाच्या बोटी दुरुस्त करतो, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग मनातल्या मनात नकाशा उघडतो. उघडू द्यावा. जवळचा समुद्र गाठायला इथून आगगाडीत एक अख्खी रात्र काढावी लागते, हे मलाही माहीत आहे. पण ज्याला हौस आहे त्याला समुद्र लागत नाही, रामटेककडचा एखादा तलाव पुरतो. अशा हौशी लोकांच्या चार-पाच जुन्या बोटी आमच्या भागात आहेत आणि त्या सगळ्या गळतात. गळणाऱ्या वस्तूंशी माझा जन्माचा संबंध, म्हणून निवृत्तीनंतर हा उद्योग माझ्या गळ्यात पडला.

कोराडीच्या वीज केंद्रात मी चौतीस वर्षं फिटर होतो. जिथून जे बाहेर पडू नये ते तिथून बाहेर पडू न देणं, यातच माझी बहुतेक नोकरी गेली. पाणी, तेल, वाफ. त्यात मोठ्या दाबाची वाफ सगळ्यात दगाबाज, कारण ती दिसत नाही. केटलीतून निघतो तो पांढरा धूर म्हणजे थंड झालेली, सज्जन वाफ. पाइपाच्या फटीतून सुटणारी नुसती ऐकू येते, बारीक शिट्टीसारखी, आणि तिच्यात हात गेला तर हात कापला जातो. म्हणून आम्ही झाडूचा दांडा समोर धरून हळूहळू पुढे सरकायचो. दांडा जिथे कापला गेला तिथे गळती. असं काम करून सुखरूप घरी आलेल्या माणसाला थोडी घमेंड असते. मला पुष्कळ होती.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मी स्कूटरवरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. धंतोलीत डॉक्टर केळापुरे म्हणून हाडांचे डॉक्टर, त्यांच्याकडे गेलो. प्लास्टर काढायच्या दिवशी ते माझी बोटं एकेक करून वाकवून पाहत होते.

“नोकरीत काय काम होतं तुमचं, ढोमणेजी?”

“गळत्या बंद करायचो जी. कोराडीले.”

डॉक्टर थांबले. माझा हात त्यांच्या हातातच राहिला. “माझ्या बोटीत पाणी येतं,” ते म्हणाले.

मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. धडधाकट होती. “बोटात पाणी काहून येईन जी? सूज आहे का?”

“बोटात नाही हो, बोटीत. शिडाची बोट आहे माझी.”

माझी बायको शकुंतला शेजारी स्टुलावर बसली होती. तिथे ती काही बोलली नाही, पण ऑटोत बसल्याबरोबर म्हणाली, “हाडाचा डॉक्टर पाण्यात काय करून राहिला? अन् तुम्ही हो कायले म्हटलं? तुम्हाले पोहता तरी येते का?”

पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

पुढच्या रविवारी डॉक्टर मला गाडीतून तलावावर घेऊन गेले. बोट वीस-बावीस फुटांची, फायबरची, तीसेक वर्षांची. मुंबईकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेऊन त्यांनी ती ट्रेलरवर घालून इथवर आणली होती. वाटेत ढाब्यावर लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले म्हणे. बोटीला छोटी खोली होती, त्यात दोन बाकं, एक शेगडी आणि एक सुंदर सागवानी कपाट. कपाट डॉक्टरांच्या पत्नी विजयाताईंनी हौसेनं करवून घेतलं होतं. पण बोट पाण्यात आली त्या पहिल्याच दिवशी त्या बाकावर आडव्या झाल्या आणि छतातून गार पाण्याचा थेंब नेमका त्यांच्या डोळ्यात पडला. त्या उठल्या, काठावर गेल्या आणि सांगून टाकलं, की ज्या दिवशी ही बोट आतून कोरडी असेल त्या दिवशी मी हिच्यावर पाय ठेवीन. त्याला तीन वर्षं झाली होती. डॉक्टर दर रविवारी एकटे यायचे, एकटे फिरायचे आणि घरी गेल्यावर मजा आली असं सांगायचे.

“पाणी खालून येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “वरून येतं. तेच समजत नाही.”

मला वाटलं, यात न समजण्यासारखं काय आहे? बोटीच्या वरच्या सपाट भागाला डेक म्हणतात. त्यावर दोर अडकवायची लोखंडी शिंगं, कठड्याचे खांब, कप्प्या, झाकणं अशी पुष्कळ खटली बसवलेली असतात आणि प्रत्येक वस्तू डेकला भोक पाडून बोल्टनं आवळलेली असते. भोक आलं की गळती आली. मी वाकून पाहिलं. प्रत्येक खटल्याखालचं, फट बुजवायला लावलेलं जुनं सीलंट वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

“दोन रविवार द्या जी,” मी म्हणालो. “चौतीस वर्षं वाफ अडवली. हे तर तलावाचं पाणी आहे.”

आता लाज वाटते, पण मी काय केलं ते सांगतो. न्हाणीघराच्या टाइल्सना लावतात त्या सिलिकॉनच्या नळ्या आणल्या आणि काहीही न उघडता प्रत्येक खटल्याभोवती वरून ठासून लेप दिला. डेक वाढदिवसाच्या केकसारखी दिसू लागली. दोन रविवार म्हणालो होतो, एकातच आटोपलं. पुढे पावसाची एक रिपरिप झाली आणि डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर रागावत नाहीत. धंतोलीत इतकी वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाला रागवायला वेळ मिळाला नसावा. ते एवढंच म्हणाले, “ढोमणेजी, आधी थेंबांखाली तीन भांडी ठेवत होतो. आता पाच लागतात.”

मी जाऊन पाहिलं. खरंच पाच ठिकाणी गळत होतं, आणि त्यातली दोन ठिकाणं अशी, की त्यांच्यावर एकही बोल्ट नव्हता.

तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. बोटीची डेक एकसंध नसते. वर फायबरचा एक थर, खाली एक थर आणि मध्ये हलकं लाकूड भरलेलं, सँडविचसारखं. बोल्टच्या भोकातून शिरलेलं पाणी त्या लाकडात मुरतं, चार-पाच फूट आडवं जातं आणि तिसऱ्याच ठिकाणी टपकतं. मी वरून दारं बंद केली आणि आतलं पाणी आतच कोंडलं. वाफ कितीही दगाबाज असली तरी सरळ बाहेर येते. पाणी पत्ता बदलून येतं, हे मला साठीनंतर कळलं.

मग सगळं खोलायचं ठरलं. बोटीचे सगळे बोल्ट मोजले, चौसष्ट भरले. आधी माझंच सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढायला तीन रविवार गेले, कारण ते जिथे राहतं तिथे दुसरं काही चिकटत नाही. डॉक्टर मदतीला बसायचे. हातमोजे घालून, स्टीलच्या ट्रेमध्ये माझे पाने आणि पेचकस लहानमोठे लावून ठेवायचे आणि मी हात पुढे केला की हवं ते हत्यार न बोलता हातावर ठेवायचे. ऑपरेशन थिएटरमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांनी त्यांच्या हातावर ठेवलेलं. इथे त्यांनी हौस फेडून घेतली. हातोडीच्या दांड्यानं डेक ठोकत आम्ही पुढे सरकायचो. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सडलेल्या जागी बद्द येतो. हे ऐकायला डॉक्टर माझ्यापेक्षा हुशार निघाले. बद्द आवाज आला की मान तिरकी करून विचारायचे, “इथे दुखतंय, नाही का?”

जिथे दुखत होतं तिथली भोकं मोठी केली. एक खिळा वाकवून ड्रिलमध्ये लावला आणि भोकात घालून फिरवला. आतून जे बाहेर आलं ते लाकूड म्हणवत नव्हतं. गाईम्हशीपुढे भिजवून ठेवलेली ढेप असते ना, अगदी तसं. ते उकरून काढलं, आठवडाभर वाळू दिलं, पोकळीत एपॉक्सी भरलं आणि ते दगडासारखं झाल्यावर त्यातून नवं भोक पाडलं. आता बोल्टच्या भोवती लाकूडच नाही, सगळा दगड. पाणी आलंच तरी मुरायला जागा नाही.

बोल्टच्या खाली ताण पसरवायला जाड पत्र्याच्या पट्ट्या हव्या होत्या, गंज न चढणाऱ्या. त्यासाठी इतवारीत भांड्यांच्या बाजारात गेलो. हातगाड्यांमधून वाट काढत एका दुकानात पोचलो आणि सांगितलं, जाड स्टील पाहिजे, तीन मिलीमीटर. दुकानदारानं परात दाखवली, मग तवा, मग लग्नाच्या स्वयंपाकाचा मोठा झारा.

“काय बनवायचं आहे, काकाजी?” त्यानं शेवटी विचारलं.

“बोटीले लावायचं आहे.”

त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं. मी काही समजावलं नाही. झारा घेतला, गल्लीतल्याच एका कारागिराकडून त्याच्या पट्ट्या कापून घेतल्या. डॉक्टर केळापुऱ्यांच्या डेकखाली आजही कोणाच्या तरी लग्नात बुंदी पाडू शकला असता असा झारा बसलेला आहे.

यानंतर खरी अडचण आली. बोल्ट बसवताना दोन माणसं लागतात. वरचा माणूस पेचकसानं बोल्टचं डोकं घट्ट धरून ठेवतो आणि खालचा माणूस आतून नट फिरवतो. बोल्ट फिरता कामा नये. तो फिरला की त्याच्याभोवतीचं ताजं सीलंट फाटतं आणि सगळी मेहनत पाण्यात. पहिल्या दिवशी नट जेमतेम आवळायचा, सीलंट चारी बाजूंनी किंचित डोकावेपर्यंतच. चार दिवसांनी ते सुकलं की मग पुरतं आवळायचं. पहिल्याच दिवशी जोर लावला तर सीलंट सगळं बाहेर पळतं आणि आत राखण करायला कोणी उरत नाही. वरचं काम मी करत होतो. खालच्या माणसाला मात्र बाकाखालच्या, कपाटाशेजारच्या सांदीत उताणं शिरावं लागतं. डॉक्टर सहा फूट. ते एकदा शिरले आणि त्यांना बाहेर काढायला अर्धा तास लागला.

त्या दिवशी शकुंतला डबा घेऊन आली होती. तिनं बाहेर आलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं, सांदीकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाली, “द्या तो पाना.”

“अवं, तुले जमन का?” मी म्हणालो.

“तिकडं गॅलरीतला कूलर कोण खोलते दरवर्षी?”

ती शिरली. वरून मी ओरडायचो, “फिरव”, खालून ती ओरडायची, “फिरवून राहिली”, मग, “बस झालं, सीलंट दिसलं”. माझ्या नोकरीत माझ्या हाताखाली कितीतरी माणसं आली, पण बस म्हटल्यावर थांबणारा हात मला पहिल्यांदा मिळाला. पुरुष माणूस नट दिसला की जरा जास्तच आवळतो. मी हे तिला बोलून दाखवलं नाही. तेव्हा दाखवायला हवं होतं.

पुढचे पाच-सहा रविवार आम्ही तिघं असंच काम करत राहिलो. चौसष्टातले अठ्ठावन्न बोल्ट झाले. उरले सहा. ते डेकवरच्या खटल्यांचे नव्हते. बोटीची डोलकाठी दोन्ही बाजूंनी तारांनी ताणून उभी असते. प्रत्येक बाजूची तार एका पोलादी पट्टीला बांधतात. ती पट्टी डेकच्या फटीतून आत जाते आणि आतल्या लाकडी भिंतीला तीन बोल्टनी जोडलेली असते. उजव्या बाजूची पट्टी मी तपासली, ठणठणीत होती. डाव्या बाजूचे बोल्ट विजयाताईंच्या सागवानी कपाटाच्या मागे. कपाट मोडल्याशिवाय तिथे हात जात नव्हता.

शकुंतला मोबाइलचा टॉर्च घेऊन शेजारच्या सांदीतून डोकावली. खालून आवाज आला, “आहो, इथलं लाकूड काळं दिसून राहिलं.”

“कुठलं?”

“पट्टीजवळचं. वरच्या कोपऱ्यात. हात नाही पुरून राहिला.”

ऊन झालं होतं, कंबर धरली होती, आणि डॉक्टरांनी आदल्याच दिवशी विजयाताईंना काम संपत आल्याचं सांगितलं होतं. मी वरूनच म्हणालो, “चहाचा डाग असन. निघ बाहेर.”

ती निघाली.

मग आम्ही तलावावरच्या पंपाची रबरी नळी लावून परीक्षा घेतली. नळी आधी खालच्या बाजूला धरायची आणि हळूहळू वर जायचं, म्हणजे कुठे गळलं तर नेमकी जागा कळते. शकुंतलेनं आत सगळीकडे पावडर भुरभुरून ठेवली होती. पावडरीवर ओली रेघ उमटली की चोर सापडतो. तासभर पाणी सोडलं. पावडर जशीच्या तशी. डाव्या पट्टीखालीही कोरडं. विजयाताई त्या दिवशी आल्या होत्या, काठावर उभ्या होत्या. मी छातीवर हात ठेवून त्यांना सांगितलं, “ताई, आता बिनधास्त बसा. माझी ग्यारंटी.” त्यांनी होकार दिला. पुढच्या रविवारी दोघं नवराबायको तलावावर फिरणार असं ठरलं. डॉक्टरांनी गाडीत बसताना माझा हात बराच वेळ हातात धरला. या वेळी मनगट तपासत नव्हते.

शनिवारी दुपारी घरी स्वयंपाकघराच्या बेसिनखालचं दार लोंबकळत होतं म्हणून मी पेचकस घेऊन खाली बसलो. बिजागरीजवळचं प्लायवुड काळं पडलं होतं. हात लावला तर कोरडं. मागच्या वर्षी नळाची गळती मीच बंद केली होती, तेव्हापासून तिथे थेंबही पडला नव्हता. सहज पेचकस टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

शकुंतला ओट्याशी कणीक मळत होती.

“बोटीत तू म्हणत होती ते काळं,” मी विचारलं, “असंच होतं का?”

“असंच होतं.”

“मंग तेव्हा काहून नाही बोलली?”

“बोलली होती,” ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. “तुम्ही म्हटलं, चहाचा डाग आहे.”

डाव्या पट्टीच्या फटीवरचं माझं सिलिकॉन तसंच राहिलं होतं, त्यामुळे तिथून पाणी येणं थांबलं होतं, म्हणून नळीच्या परीक्षेत ती पास झाली. पण त्याआधी वर्षानुवर्षं जे पाणी आत गेलं ते लाकूड खाऊन बसलं असणार. गळती बंद करणाऱ्याला गळतीच दिसते. ती काय करून गेली हे मी पाहिलंच नव्हतं. आणि उद्या सकाळी त्या काठीला शीड चढणार होतं, माझ्या ग्यारंटीवर.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे दोन शब्द आमच्या घरात नवीन होते. शकुंतलेनं हात धुतले, माझा फोन आणून दिला आणि म्हणाली, “मले काय सांगता, त्यांना सांगा.”

फोन लावायच्या आधी मी दोन वेळा पाणी प्यालो. “डॉक्टरसाहेब, उद्या बोट काढू नका,” मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. शकुंतलेनं दाखवलं होतं आणि मी उडवून लावलं, तेही सांगितलं.

मग डॉक्टर म्हणाले, “एकदा मी एका पेशंटला घरी सोडलं होतं. रात्रभर... नाही, दोन दिवस एक स्क्रू माझ्या डोक्यात फिरत होता, की नीट बसला का. शेवटी त्याला यवतमाळहून परत बोलावलं आणि पाय पुन्हा उघडला.”

“मंग? ढिला होता?”

“होता. तो माणूस अजून दिवाळीला फराळ पाठवतो.” मग त्यांनी विचारलं, “उद्या किती वाजता निघायचं?”

रविवारी आम्ही चौघंही गेलो. विजयाताई फिरायच्या तयारीनं आल्या होत्या, टोपी, गॉगल, डब्यात साबुदाण्याचे वडे. डॉक्टरांनी त्यांना अर्धवटच सांगितलं होतं. मी कपाटासमोर उभा राहिलो आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“हे तोडावं लागन, ताई.”

“तोडा,” त्या म्हणाल्या. “पण आधी त्याची दारं काढून द्या. बिजागऱ्या पितळेच्या आहेत.”

दारं काढली, पाठीची फळी फोडली. शकुंतला आत शिरली. मी बाहेर पेचकस धरून बसलो होतो, पण ती म्हणाली, “पेचकस नाही लागत.” मग पान्याचा आवाजही आला नाही. ती बाहेर आली आणि तिनं मूठ उघडून डॉक्टरांच्या तळहातावर एक बोल्ट ठेवला. नटासकट. बोटांनीच ओढून काढला होता, भिजलेल्या मातीतून खुंटी उपटावी तसा. मी आत हात घातला. भिंतीचा वरचा कोपरा मुठीत चुरला.

विजयाताईंनी बोल्ट डॉक्टरांच्या हातातून घेतला. “यानं काय झालं असतं?”

“जोराचा वारा आला असता तर काठी पडली असती,” डॉक्टर म्हणाले.

“कुठे?”

डॉक्टरांनी सुकाणूजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. दोघांच्या बसायच्या दोन उशा तिथे सकाळीच मांडून ठेवलेल्या होत्या.

मी कोराडीत आगी पाहिल्या आहेत, फुटलेले पाइप पाहिले आहेत, पण त्या दोन उशांकडे मला पाहवेना. विजयाताई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि ऐकायची माझी तयारी होती. त्यांनी डबा उघडला. “ढोमणेभाऊ, वडे थंड होतील,” त्या म्हणाल्या, आणि पहिला वडा शकुंतलेच्या हातावर ठेवला. दुसराही तिच्याच. मला तिसरा मिळाला.

काठी दोरांनी बांधून उतरवली. भिंतीचा सडलेला भाग कापून काढला, पाण्यात टिकणारं प्लायवुड मुंबईहून मागवलं, एपॉक्सीनं जोडलं, पट्टी पुन्हा बसवली. महिना गेला. त्या महिन्यात मी एकही गोष्ट शकुंतलेला दाखवल्याशिवाय पुढे नेली नाही. कधीकधी ती मुद्दाम टॉर्च मारून बराच वेळ काही बोलायची नाही, मला घाम फुटेपर्यंत. मग म्हणायची, “ठीक आहे.”

आणि मग एका रविवारी बोट खरंच निघाली. विजयाताई बसल्या, डॉक्टर सुकाणूवर, शकुंतला आणि मी कठड्याला धरून. मी लाइफ जॅकेट घालून वर एक टायरची ट्यूबही जवळ घेतली होती, त्याबद्दल विजयाताई आजही बोलतात. तलावाच्या मध्यावर डोंगराकडून वारा आला. बोट एका बाजूला कलली, डाव्या तारेतून गुणगुण आवाज यायला लागला. सगळा ताण तिच्यावर होता. डॉक्टर वर शिडाकडे पाहत होते, मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा शकुंतला जागेवर नव्हती. ती खाली खोलीत, उघड्या पडलेल्या त्या भिंतीशी गुडघे टेकून बसली होती आणि पट्टीच्या बोल्टांवर तळवा ठेवून होती. वारा उतरेपर्यंत तशीच बसली. वर आली तेव्हा विजयाताईंनी तिला आपल्या शेजारी जागा करून दिली. दोघी मग घरच्या गोष्टी बोलत बसल्या आणि आम्हा दोघा पुरुषांचं अस्तित्वच विसरल्या. डॉक्टरांनी तलावाला तीन फेऱ्या मारल्या. त्यांना परत जायचंच नव्हतं.

त्यानंतर तलावावरच्या दुसऱ्या बोटवाल्यांनी बोलावणं सुरू केलं. त्यांचे फोन माझ्या नंबरावर येतात, पण विचारतात, “मॅडम कधी येऊ शकतील?” माझे गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत. त्यामुळे हल्ली वरचं काम विजयाताई करतात. डॉक्टरांनी त्यांना पेचकस धरायला शिकवलं असं ते सांगतात, शकुंतलेनं शिकवलं असं त्या सांगतात. डॉक्टर ट्रे सांभाळतात. मी काठावर खुर्ची टाकून बसतो.

मागच्याच महिन्यात एका जुन्या बोटीचं झाकण बसवणं चाललं होतं. आतून शकुंतलेनं हाक मारली, “आहो, इथं नवीन भोक पाडावं लागन असं वाटते. पाडू का?”

मला तिथून काहीच दिसत नव्हतं. तरी जुन्या सवयीनं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं, चहाचा एक घोट घेतला आणि म्हणालो, “तुले दिसून राहिलं ना? मंग तूच ठरव.”

आतून ड्रिल सुरू झाल्याचा आवाज आला.